आठ अक्षरे, नव्वद दिवस आणि तिजोरीच्या दोन किल्ल्या

बँकेच्या किंवा पतसंस्थेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात. एक कॅशियरकडे, दुसरी शाखाधिकाऱ्याकडे. रजेवर जायचे तर किल्ली रजिस्टरला नोंद करून, सही घेऊन दुसऱ्याच्या ताब्यात द्यायची, हे शिपायालाही ठाऊक असते. त्याच शाखेत व्हाउचर पास करायचा पासवर्ड मात्र साहेब रजेवर असले की फोनवरून सांगितला जातो. कोल्हापुरात शाहूपुरीतल्या पतसंस्थेत, शिरोलीच्या फौंड्रीत, गावच्या दूध संस्थेत, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच चालते.

माणसे बेफिकीर आहेत म्हणून हे होते, असे म्हणणे सोपे आहे. खरी अडचण अशी की किल्लीचे नियम किल्ली बघून बनले. पासवर्डचे आपले बहुतेक नियम मात्र भलत्याच यंत्रांसाठी बनले होते. ती यंत्रे केव्हाच भंगारात गेली, नियम तेवढे पॉलिसीच्या कागदावर राहिले.

सुरुवात १९६१ची. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये फर्नांडो कॉर्बातो आणि सहकाऱ्यांनी सीटीएसएस ही प्रणाली उभी केली. एकच मोठा संगणक, त्यावर अनेकजण एकाच वेळी आपापल्या टर्मिनलवरून काम करणार. प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात आणि प्रत्येकाला ठरवून दिलेला वेळच वापरता यावा म्हणून नाव आणि पासवर्ड विचारायची पद्धत आली. सगळे पासवर्ड एका फाइलमध्ये, जसेच्या तसे. १९६२मध्ये ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याला मिळणारा वेळ पुरेना. त्याने पंचकार्डवर त्या फाइलचे नाव लिहून ती छापून घेण्याची विनंती टाकली आणि साऱ्यांचे पासवर्ड कागदावर मिळवले. पुढे साठच्या दशकाच्या मध्यावर त्याच प्रणालीत आणखी एक घोटाळा झाला. एक कर्मचारी पासवर्डची फाइल दुरुस्त करत होता, दुसरा रोजच्या स्वागताचा मजकूर लिहीत होता. संपादनाचा प्रोग्राम एका वेळी एकच माणूस वापरणार या हिशेबाने बनवलेला, त्यामुळे दोघांच्या तात्पुरत्या फाइलला एकच नाव पडले. अदलाबदल झाली आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकापुढे स्वागताऐवजी सगळ्यांची पासवर्ड यादी छापली जाऊ लागली.

यातून धडा निघाला तो असा की यंत्राने पासवर्ड साठवूच नये, त्याचा ठसा (हॅश) साठवावा. केंब्रिज विद्यापीठात रॉजर नीडहॅम यांनी साठच्या दशकातच ही कल्पना वापरली: पासवर्डवरून ठसा काढता येतो, ठशावरून पासवर्ड परत काढता येत नाही. आपण टाइप केलेल्या अक्षरांचा ठसा साठवलेल्याशी जुळला की दार उघडते.

युनिक्स या कार्यप्रणालीने ही गोष्ट घरोघरी नेली, आणि आठ अक्षरांची मर्यादाही तिथलीच. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९च्या लेखात तिची मांडणी केली आहे. ठसा काढायला त्यांनी डीईएस हे सांकेतिकीकरण, म्हणजे मजकूर गुप्त करायची पद्धत, घेतले. त्याची किल्ली ५६ बिटांची, म्हणजे शून्य-एकच्या ५६ खुणांची. त्या काळी एक अक्षर सात बिटांत बसायचे, म्हणजे आठ साते छपन्न. नवव्या अक्षराला जागाच नव्हती. पंधरा अक्षरे टाइप केली तरी यंत्र पहिली आठच बघायचे. आज ‘किमान आठ’ म्हणून जो आकडा आपण पाठ करतो, तो एकेकाळी ‘कमाल आठ’ होता.

त्याच दोघांनी ठशात मिठाची चिमूट टाकली. प्रत्येक खात्याला १२ बिटांचा एक यादृच्छिक आकडा जोडला, त्यामुळे एकाच पासवर्डचे ४,०९६ वेगवेगळे ठसे होऊ शकत. दोन कारकुनांनी एकच पासवर्ड ठेवला तरी फाइल बघून ते कळू नये, आणि आधीच तयार करून ठेवलेली ठशांची वही चोराच्या उपयोगी पडू नये, हा हेतू. ठसा मुद्दाम सावकाश निघावा म्हणून तीच क्रिया २५ वेळा करायची, हीही त्यांचीच योजना. चार दशकांनंतरही हे मीठ न घालणारे सॉफ्टवेअर बाजारात सापडते. २०१२मध्ये लिंक्डइनचे ६५ लाख ठसे बाहेर आले, ते बिनमिठाचेच होते.

त्याच लेखात त्यांनी ३,२८९ खरे पासवर्ड तपासले आहेत. त्यातले ८६ टक्के फार लहान होते, किंवा शब्दकोशात नाहीतर नावांच्या यादीत सहज सापडणारे होते. आपल्याकडे यादी बदलते, सवय बदलत नाही. रोमन अक्षरांत अंबाबाई, जोतिबा किंवा रंकाळा, पहिले अक्षर मोठे, पुढे ॲटचे चिन्ह आणि १२३. संगणक याला ‘मजबूत’ म्हणतो, कारण मोठे अक्षर, आकडा, चिन्ह सगळे हजर असते. कोल्हापूरच्या संस्थेवर डोळा ठेवणारा माणूस मात्र हेच आधी टाकून बघणार.

आता दर नव्वद दिवसांनी पासवर्ड बदलायचा नियम. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९८५मध्ये पासवर्ड व्यवस्थापनाची पुस्तिका काढली. मुखपृष्ठाच्या रंगावरून ती ‘हिरवी पुस्तिका’ म्हणून ओळखली जाते. तिच्यातला हिशेब साधा आहे. पासवर्ड किती काळ चालणार याला मिनिटाला किती प्रयत्न करता येतात त्याने गुणा, आणि एकूण शक्यतांनी भागा. हाती लागतो अंदाज बरोबर येण्याचा संभव. तेव्हा चोर टेलिफोन लाइनवरून ३०० बॉडच्या संथ गतीने एकेक पासवर्ड टाकून बघणार होता. अशा चोरापुढे मुदत कमी केली की धोका त्याच प्रमाणात कमी होतो. आजचा चोर ठशांची फाइलच उचलून नेतो आणि आपल्या घरी ग्राफिक कार्डावर सेकंदाला कोट्यवधी अंदाज तपासतो. तिथे नव्वद दिवसांची मुदत म्हणजे पाणी वाहून गेल्यावर बांध घालणे.

तरीही नियम टिकला, कारण तो तपासायला सोपा. विंडोजमध्ये मूळची मुदत ४२ दिवसांची होती. कार्ड कंपन्यांच्या २००४च्या पीसीआय या सुरक्षा मानकात ९० दिवस आले आणि लेखापरीक्षकांच्या तक्त्यात तो आकडा कायमचा बसला. त्याच वर्षी अमेरिकेच्या निस्ट या मानके ठरवणाऱ्या सरकारी संस्थेसाठी बिल बर यांनी मार्गदर्शिका लिहिली. मोठे अक्षर, आकडा, चिन्ह या आग्रहाला तिने वजन दिले. त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आपल्याला पश्चात्ताप होतो, असे बर यांनी निवृत्तीनंतर, २०१७मध्ये, वृत्तपत्राला सांगितले.

पश्चात्तापाला आधार होता. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१०मध्ये दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायला लावलेली ७,७००हून अधिक बंद खाती तपासली. जुना पासवर्ड हाती असला की ४१ टक्के खात्यांचा नवा पासवर्ड काही सेकंदांत काढता आला. १७ टक्क्यांत तर पाच अंदाजांच्या आत. माणसे नवा पासवर्ड बनवत नाहीत, जुन्याच्या शेपटीचा आकडा वाढवतात. जानेवारीत एक असतो, एप्रिलमध्ये दोन होतो.

निस्टने २०१७मध्ये दिशा बदलली: सक्तीची मुदत नको, अक्षरांच्या प्रकारांची सक्ती नको, लांबी वाढू द्या, आणि नवा पासवर्ड आधीच फुटलेल्या पासवर्डांच्या यादीशी ताडून बघा. बदलायचा तो फुटल्याचा संशय आला तर, आणि तेव्हा लगेच. मायक्रोसॉफ्टने २०१९मध्ये आपल्या शिफारशींतून मुदत काढून टाकली. २०२५च्या आवृत्तीत निस्टने, पासवर्ड हेच एकमेव कुलूप असेल तर, किमान १५ अक्षरे सांगितली आहेत. जोडीला ओटीपी किंवा दुसरे काही असेल तर आठही चालतात. चार-पाच असंबद्ध मराठी शब्द जोडले की पंधरा अक्षरे होतात आणि ती लक्षातही राहतात. ते देवनागरीत टाइप करायचा मोह मात्र आवरावा. लॉगिनच्या पडद्यावर मराठी कीबोर्ड बहुधा नसतो, आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रेसकट, साठवताना तीन बाइट खाते. बीक्रिप्ट ही ठसा काढायची १९९९ची पद्धत ७२ बाइटांपुढे बघत नाही, म्हणजे २४ चिन्हांनंतरचे सगळे वाया.

इथवर पासवर्डचे झाले. पण संगणकावरच्या लॉगिनच्या खात्यांपायीही संस्था गोत्यात येतात, आणि तिकडे लक्ष कमी जाते.

छोट्या कार्यालयात दहा संगणक एकमेकांना नुसतेच जोडलेले असतात. तिथे प्रत्येक यंत्राची खाती वेगळी. दहा माणसांना दहाही यंत्रांवर बसू द्यायचे तर शंभर खाती सांभाळावी लागतात. कोणी ती सांभाळत नाही. सगळीकडे एकच ‘ॲडमिन’ आणि एकच पासवर्ड येतो तो या गणितामुळे. मायक्रोसॉफ्टने २०००मध्ये आणलेली ॲक्टिव्ह डिरेक्टरी हा यावरचा एक उतारा. खाते एका सर्व्हरवर, माणूस कुठल्याही यंत्रावर. पंधरा-वीस संगणक झाले की अशी मध्यवर्ती सोय, याच कंपनीची असो वा दुसऱ्या, करून घ्यायला हवी. त्याहून कमी असतील तर निदान रोज वापरायचे खाते ॲडमिनच्या अधिकाराचे नसावे.

दुसरा वारसा डेटाबेसचा. एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस सॉफ्टवेअरचे सर्वाधिकारी खाते ‘एसए’ या नावाचे. पूर्वी ते पासवर्डाविनाच बसवले जाई. मे २००२मध्ये स्पायडा नावाचा संगणकी किडा, म्हणजे आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम, अशा मोकळ्या ‘एसए’ खात्यांतून पसरला. आता पासवर्ड असतो, पण सॉफ्टवेअर पुरवणारा सगळ्या ग्राहकांकडे एकच ठेवत असेल तर एका संस्थेतून बाहेर पडलेला माणूस वीस संस्थांत शिरू शकतो. पुरवठादाराला विचारायचे प्रश्न दोनच: हा पासवर्ड फक्त आमचा आहे का, आणि तुमचा माणूस लांबून जोडला जातो तेव्हा त्याची नोंद कुठे होते? नागरी सहकारी बँकांना रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०१८च्या सायबर सुरक्षा आराखड्याने लांबून जोडणी एरवी बंद ठेवायला आणि परवानगीनेच उघडायला सांगितले आहे. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाहीत, म्हणून त्यांच्यावर हे बंधन नाही. चोर मात्र नोंदणी कुठल्या कायद्याखाली झाली ते बघून येत नाही.

आता पासिंगचा पासवर्ड. एकाने व्हाउचर टाकायचे आणि दुसऱ्याने पास करायचे, ही तिजोरीच्या दोन किल्ल्यांचीच संगणकातली आवृत्ती आहे. साहेबांचा पासवर्ड क्लार्ककडे गेला की दोन्ही किल्ल्या एका खिशात. डे-एंड, म्हणजे दिवसअखेरचा हिशेब बंद करणे, अडतो म्हणून हे होते, तेव्हा दम देऊन ते थांबणार नाही. साहेबांच्या रजेपुरते पासिंगचे अधिकार दुसऱ्या अधिकाऱ्याच्या स्वतःच्या खात्याला, तारीख घालून, लेखी आदेशाने द्यावेत. तारीख उलटली की अधिकार आपोआप जावेत. सॉफ्टवेअरमध्ये ही सोय नसेल तर ती मागावी. नव्वद दिवसांच्या सक्तीपेक्षा ती कितीतरी मोलाची.

कायदाही नावाच्या खात्याकडेच बघतो. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६६ सी (66C) नुसार दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार नोंदी १८० दिवस ठेवायच्या आणि सायबर घटना सहा तासांत कळवायची. कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला १ एप्रिल २०२३पासून बदलांची नोंद बंद न करता येणारी हवी, म्हणजे शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या प्रायव्हेट लिमिटेड फौंड्र्याही त्यात आल्या. पण तिघेजण एकाच लॉगिनवर बसत असतील तर त्या नोंदीत एकच नाव दिसते. कोणी काय बदलले हे कोर्टात सिद्ध करायचे कसे?

माणूस सोडून जातो तेव्हा खाते पुसू नये, बंद करावे. पुसून पुन्हा त्याच नावाने उघडले तर यंत्राच्या लेखी ती वेगळी व्यक्ती असते, आणि जुन्या नोंदी निराधार होतात. बंद करण्याआधी त्या नावावर काय चालते तेही बघावे. रात्रीचा बॅकअप जुन्या अकाउंटंटच्या खात्यावरून चालत असतो, खाते बंद होताच तो गुपचूप थांबतो, आणि डिस्क बिघडेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. अशा कामांना वेगळे, माणसाचे नसलेले खाते द्यावे. बदली झालेल्याचे तर बघायलाच हवे: नव्या टेबलाचे अधिकार मिळतात, जुन्या टेबलाचे कोणी काढत नाही. पाच वर्षांत तीन विभाग फिरलेला क्लार्क व्हाउचर टाकूही शकतो आणि पासही करू शकतो.

साखर कारखान्यांत याचे टोक दिसते. गळीत हंगामाला काट्यावर, शेती गटांत, लॅबमध्ये हंगामी माणसे येतात, तीन पाळ्यांत काम करतात आणि हंगाम संपून पट्टा पडला की घरी जातात. काट्याच्या संगणकावर पाळीगणिक वेगळे लॉगिन नको वाटते, कारण बाहेर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग असते आणि एकातून बाहेर पडून दुसऱ्यात शिरायला मिनिटे जातात. इथे पंधरा अक्षरांचा आग्रह धरला तर भिंतीवर खडूने लिहिलेला पासवर्ड दिसेल. त्यापेक्षा विंडोजचे खाते सामायिक राहू द्यावे आणि वजनाच्या प्रोग्राममध्ये प्रत्येकाला स्वतःचे कार्ड किंवा छोटा पिन द्यावा. पावतीवर नाव त्याचे उमटावे. विंडोजच्या त्या खात्याला वजन सोडून दुसरे काहीच उघडता येऊ नये. बॉयलर अग्निप्रदीपनाच्या सुमारास हंगामी खाती उघडतानाच शेवटची तारीख घालता येते; ॲक्टिव्ह डिरेक्टरीत खाते संपण्याच्या तारखेचा रकाना पहिल्या दिवसापासून आहे. हंगाम लांबला तर महिनाभर वाढवायची. पुढच्या वर्षी तोच माणूस आला तर त्याचेच जुने खाते पुन्हा चालू करायचे, पासवर्ड नवा द्यायचा, आणि मधल्या काळात त्या खात्यावरून कोणी आत यायचा प्रयत्न केला होता का, हे नोंदींत आधी बघून घ्यायचे.