लॅम्बर्ट लोअर लीगचा, वार्डी नॉन-लीगचा: घोळ नेमका कुठे होतो

इंग्लंडचा फुटबॉल स्ट्रायकर (गोल करणारा आघाडीचा खेळाडू) जेमी वार्डी याचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "लीग टूमधून आला आणि प्रीमियर लीग जिंकला." रिकी लॅम्बर्ट या दुसऱ्या स्ट्रायकरचं नाव निघालं की तीच मंडळी म्हणतात, "हाही तसाच, नॉन-लीगवाला." दोन्ही वाक्यं चूक आहेत आणि चुका एकमेकींच्या बरोबर उलट आहेत. वार्डी लीग टूचा किंवा लीग वनचा एकही सामना खेळलेला नाही. लॅम्बर्टच्या कारकिर्दीत नॉन-लीगचा एकही क्लब नाही. तरी दोघांना एकाच पोत्यात भरून "कारखान्यातून थेट इंग्लंडच्या संघात" अशी गोष्ट फिरत राहते, आणि दर वर्ल्ड कपच्या आसपास ती नव्याने उगवते.

प्रीमियर लीगबद्दल तुम्हाला सांगायची गरज नाही. इंग्लिश फुटबॉलची सर्वोच्च पायरी, 20 संघ, शेवटचे तीन खाली जातात, एवढं धरून पुढे चला. त्याखाली चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू असे तीन विभाग आहेत. प्रत्येकात 24 संघ, एकूण 72. हे तिन्ही मिळून ईएफएल (इंग्लिश फुटबॉल लीग), म्हणजे 1888 साली सुरू झालेली मूळ फुटबॉल लीग. लोअर लीग म्हणतात ते याच चौकटीच्या तळाला, मुख्यतः लीग वन आणि लीग टूला. लीग टूच्या खाली पाचव्या पायरीवर नॅशनल लीग, मग तिचेच नॉर्थ आणि साउथ असे दोन विभाग, सातव्या पायरीवर नॉर्दर्न प्रीमियर, सदर्न आणि इस्थमियन लीग, आणि त्याही खाली फांद्या फुटतच जातात. पाचव्या पायरीपासून खालचं सगळं नॉन-लीग. रेघ चौथ्या आणि पाचव्या पायरीच्या मध्ये आहे.

नावांचा गोंधळ दोन वाक्यांत उरकतो, कारण तो पाठांतराचा मामला आहे. 1992 पर्यंत फर्स्ट डिव्हिजन ही सर्वोच्च पायरी होती, 1992 ते 2004 या काळात तेच नाव दुसऱ्या पायरीला होतं, आणि 2004 मध्ये फर्स्ट, सेकंड, थर्ड यांची अनुक्रमे चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू झाली. म्हणजे बायचुंग भुतिया 1999 मध्ये बरी या क्लबकडे गेला तेव्हा ती "सेकंड डिव्हिजन" तिसऱ्या पायरीची होती, आजची लीग वन.

खरी मेख वेगळीच आहे. लोक खेळाडूच्या क्लबांची यादी उघडतात, आणि तो क्लब आज कुठे खेळतो ते पाहून खेळाडूची पायरी ठरवतात. इंग्लंडमध्ये ही पद्धत चालत नाही. तिथे पायरी क्लबच्या नावाला चिकटलेली नसते, ती त्या त्या मोसमापुरती असते. भुतियाचंच पाहा. बरीला आर्थिक दिवाळखोरीपायी 2019 मध्ये ईएफएलमधून काढून टाकलं, आज त्या नावाचा क्लब नॉन-लीगमध्ये आहे. म्हणून भुतिया नॉन-लीग खेळला असं कुणी म्हणालं, तर एका भारतीय स्ट्रायकरने इंग्लंडच्या व्यावसायिक लीगमध्ये काढलेली ती वर्षं फुकट पुसली जातात.

आता लॅम्बर्टची यादी घ्या. ब्लॅकपूल, मॅकल्सफील्ड टाउन, स्टॉकपोर्ट काउंटी, रॉचडेल, ब्रिस्टल रोव्हर्स, मग साउथॅम्प्टन. यातला ब्लॅकपूल सोडला तर साउथॅम्प्टनच्या आधीचे चारही क्लब नंतर कधी ना कधी नॉन-लीगमध्ये घसरले. स्टॉकपोर्ट 2011 मध्ये, मॅकल्सफील्ड 2012 मध्ये, ब्रिस्टल रोव्हर्स 2014 मध्ये, रॉचडेल 2023 मध्ये. रोव्हर्स वर्षभरात परतले, स्टॉकपोर्टला 2022 उजाडलं, मॅकल्सफील्ड टाउन तर 2020 मध्ये बंदच पडला. मधल्या कुठल्याही वर्षी ही यादी वाचणाऱ्याला वाटणारच की हा माणूस नॉन-लीगमधून आला. पण लॅम्बर्ट तिथे होता तेव्हा हे सगळे क्लब रेघेच्या वर होते.

वार्डीची यादी याच्या अगदी उलट फसवते. स्टॉक्सब्रिज पार्क स्टील्स, एफसी हॅलिफॅक्स टाउन, फ्लीटवुड टाउन, लेस्टर सिटी. फ्लीटवुड आज ईएफएलमध्ये आहे, 2014 मध्ये तर लीग वनपर्यंत पोचला होता, म्हणून लोक धरून चालतात की वार्डी तिथून लीग टू खेळून वर आला. प्रत्यक्षात 2011-12 मध्ये फ्लीटवुड पाचव्या पायरीवर होता. वार्डीने त्या मोसमात लीगचे 31 गोल केले, क्लब विजेता ठरून लीग टूमध्ये गेला, आणि क्लब वर चढला त्याच मे महिन्यात वार्डी लेस्टरला गेला. लेस्टर तेव्हा चॅम्पियनशिपमध्ये होता. म्हणजे वार्डीने पाचव्या पायरीवरून थेट दुसरी गाठली, तिसऱ्या आणि चौथ्या पायरीवर त्याचं पाऊलच पडलं नाही. हॅलिफॅक्सचीही गंमत अशीच. ईएफएलमध्ये खेळलेला जुना हॅलिफॅक्स टाउन 2008 मध्ये बुडाला, वार्डी ज्यासाठी खेळला तो त्याच वर्षी उभा राहिलेला नवा क्लब, आणि वार्डी तिथे आला तेव्हा तो सातव्या पायरीवर होता.

ही रेघ कागदावरची आहे, फरक काय पडतो, असं कुणी म्हणालं की मला राहवत नाही. फरक पडतो, आणि स्ट्रायकरला तर सगळ्यात जास्त पडतो, कारण त्याचं पोट गोलांच्या आकड्यावर चालतं आणि आकडा कुठे धरला जातो हे ही रेघच ठरवते. आपल्याकडे रणजीच्या प्लेट गटात काढलेल्या धावा प्रथम श्रेणीच्या खात्यात जमा होतात, आणि कांगा लीगमध्ये चिखलात शतकं ठोकली तरी त्या खात्यात शून्य. तसंच हे. आर्थर रॉली या स्ट्रायकरच्या नावावर 434 लीग गोलांचा विक्रम आहे. वेस्ट ब्रॉम, फुलहॅम, लेस्टर आणि श्रूजबरी या चार क्लबांसाठी 1946 ते 1965 या काळात त्याने ते केले. 434 मध्ये मोजलेला प्रत्येक गोल रेघेच्या वरचा आहे. त्या पद्धतीने मोजायला बसलात तर वार्डीचे फ्लीटवुडचे 31, आणि त्याआधी हॅलिफॅक्स-स्टॉक्सब्रिजचे सगळे, यादीतून बाहेर पडतात. लॅम्बर्टचा मात्र मॅकल्सफील्डपासूनचा एकेक गोल आत राहतो.

शिवाय ही रेघ कित्येक दशकं भिंतच होती. फुटबॉल लीगच्या तळाच्या क्लबांना दर वर्षी मतदानाला सामोरं जावं लागायचं आणि बाकीचे क्लब बहुतेक वेळा आपल्याच माणसांना परत निवडून द्यायचे. हेरेफर्ड युनायटेडला 1972 मध्ये आत प्रवेश मिळाला तो एफए कपमध्ये न्यूकॅसलला हरवून देशभर नाव झाल्यावर. पाचव्या पायरीचा विजेता आपोआप वर जाईल हा नियम 1986-87 च्या मोसमात आला. त्या वर्षी स्कारबरो वर गेला आणि लिंकन सिटी खाली आला. आजही लीग टूमधून वर जायला चार जागा आहेत आणि नॅशनल लीगमधून फक्त दोन. इतक्या अरुंद दारातून क्लबला वर यायचं, तर स्ट्रायकरला बऱ्याचदा क्लब मागे सोडूनच वर जावं लागतं. वार्डीने तेच केलं. त्याच्या आधी इयान राइटने 1985 मध्ये तेच केलं, तोही नॉन-लीगमधून थेट दुसऱ्या पायरीवरच्या क्रिस्टल पॅलेसला गेला.

दोघांची कारखान्याची गोष्ट सारखी वाटते, तीही नीट पाहा. वार्डीला शेफील्ड वेन्सडेने 16 व्या वर्षी सोडलं. स्टॉक्सब्रिजला त्याला आठवड्याला 30 पाउंड मिळायचे, म्हणून वैद्यकीय आधारपट्ट्या बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी करावी लागली. मारामारीच्या एका प्रकरणात शिक्षा झाल्यावर पायात इलेक्ट्रॉनिक टॅग आला, संध्याकाळी सहाच्या आत घरी पोचायची सक्ती झाली. दूरच्या सामन्यात तासभर खेळायचं आणि आईवडिलांच्या गाडीत बसून घर गाठायचं. नोकरी हा त्याचा मुख्य धंदा होता, फुटबॉल शनिवारी.

लॅम्बर्टचं तसं नव्हतं. लिव्हरपूलने त्याला 15 व्या वर्षी सोडलं, ब्लॅकपूलने 2000 मध्ये, आणि मग मॅकल्सफील्डबरोबर बिनपगारी सराव करता करता तो बीटच्या बरण्यांना झाकणं लावायच्या कारखान्यात कामाला जात होता. हा टप्पा दोन करारांच्या मधला होता. मॅकल्सफील्डने करार दिला आणि त्यानंतर तो पोटासाठी फुटबॉलच खेळला. 2002 मध्ये स्टॉकपोर्टने त्याच्यासाठी 3 लाख पाउंड मोजले, 2006 मध्ये ब्रिस्टल रोव्हर्सने 2 लाख, 2009 मध्ये साउथॅम्प्टनने 8 लाखांच्या आसपास. वार्डीसाठी हॅलिफॅक्सने 2010 मध्ये 15 हजार पाउंड दिले होते. दोन्ही गरिबीच्याच गोष्टी, पण एकाकडे धंद्यातली खालची खुर्ची होती आणि दुसरा धंद्याच्या दाराबाहेर उभा होता.

एक सावधगिरी हवी. नॉन-लीग म्हणजे हौशी, असं समजू नका. नॅशनल लीगमधले बरेच क्लब आज पूर्णवेळ व्यावसायिक आहेत, ईएफएलमधून घसरलेले जुने क्लब तिथे भरलेत. खेळाची शैली, मैदानांचा आकार, प्रेक्षकसंख्या यावरून फरक करायला जाऊ नका, फसाल. शंका आली तर त्या मोसमात खेळाडू कुठल्या चषकात उतरला ते बघा. ईएफएल ट्रॉफी दिसली तर बहुधा लीग वन किंवा लीग टू, एफए ट्रॉफी दिसली तर नॉन-लीग. साउथॅम्प्टनने 2010 मध्ये वेम्बलीवर 70 हजारांहून जास्त लोकांसमोर कार्लाइलला 4-1 हरवून फुटबॉल लीग ट्रॉफी (ईएफएल ट्रॉफीचं तेव्हाचं नाव) जिंकली, त्यात लॅम्बर्टचा पेनल्टीवरचा गोल होता. एवढी एक नोंद तो त्या वर्षी रेघेच्या कुठल्या बाजूला होता ते सांगायला पुरेशी आहे.

मला विचाराल तर मोठी कारकीर्द वार्डीची. 2015-16 मध्ये लागोपाठ 11 सामन्यांत गोल आणि लेस्टरला विजेतेपद, याला तोड नाही. पण इंग्लिश लोअर लीग म्हणजे काय हे समजून घ्यायचं असेल तर लॅम्बर्टच वाचा. रॉचडेलसाठी चौथ्या पायरीवर गोल, रोव्हर्ससाठी 2008-09 मध्ये तिसऱ्या पायरीवर 29, साउथॅम्प्टनसाठी पुढच्याच मोसमात 30, चॅम्पियनशिपमध्ये 2011-12 ला 27, प्रीमियर लीगमध्ये पहिल्याच मोसमात 15. मग 14 ऑगस्ट 2013 ला वेम्बलीवर स्कॉटलंडविरुद्ध बदली खेळाडू म्हणून आत आला, लेटन बेन्सच्या कॉर्नरवर हेडर मारला, आणि इंग्लंडसाठी चेंडूला झालेला पहिलाच स्पर्श गोल ठरला. तेव्हा तो 31 वर्षांचा होता. चारही पायऱ्या, एकही न गाळता.

रॉचडेलला लॅम्बर्टचा जोडीदार होता ग्रँट होल्ट. तो मात्र बॅरोसारख्या नॉन-लीग क्लबातून वर आलेला. 2005-06 मध्ये एकाच संघाच्या आघाडीला रेघेच्या दोन्ही बाजूंची ही जोडी खेळत होती, आणि पुढे दोघांनीही प्रीमियर लीगच्या आपापल्या पहिल्या मोसमात 15 गोल केले.

रेघेची किंमत आकड्यांत पाहायची असेल तर अलीकडचं उदाहरण चांगलं आहे. पॉल मलिनने 2020-21 मध्ये केंब्रिज युनायटेडसाठी लीग टूमध्ये 32 गोल केले आणि तो स्वखुशीने खाली, नॅशनल लीगमधल्या रेक्सहॅमला गेला. 2022-23 मध्ये तिथे त्याचे 38 झाले. त्याच मोसमात नॉट्स काउंटीच्या मकॉले लँगस्टाफने 42 केले. दोन्ही क्लब वर चढले. पुढच्या वर्षी, लीग टूमध्ये, लँगस्टाफचे 28 आणि मलिनचे 24. मलिन फुप्फुसाच्या दुखापतीने सुरुवातीला बाहेर होता हे मान्य, पण लँगस्टाफ 28 वर लीग टूचा सर्वाधिक गोल करणारा ठरला. दोघांचेही 14 गोल कमी झाले. म्हणून मलिनचा सर्वात मोठा मोसम कुठला, असं कुणी विचारलं तर रेक्सहॅमचे 38 पुढे करू नका, केंब्रिजचे 32 सांगा.