इंजिन पाठीशी, वजन पोटाशी

पाण्याची कावड खांद्यावर घेऊन अरुंद बोळात वळणं हे खरं कसरतीचं काम. वळायला सुरुवात करताना ती हलता हलत नाही आणि एकदा वळू लागली की थांबता थांबत नाही. तेवढंच पाणी एका हंड्यात भरून डोक्यावर घेतलं, तर माणूस जागच्या जागी गिरकी घेऊ शकतो. वजन तेच आहे, फक्त टोकांवरून मधे आलं आहे.

भौतिकशास्त्रात या अडेलपणाला जडत्व आघूर्ण म्हणतात. त्याचा हिशेब अंतराच्या वर्गाने होतो. मध्यापासून दोन मीटरवर ठेवलेले १०० किलो वळायला जेवढा विरोध करतात, तेवढा विरोध करायला एका मीटरवर ४०० किलो लागतात. गाडीतली सगळ्यांत जड वस्तू म्हणजे इंजिन, आणि बहुतेक गाड्यांत ती नाकाशी बसवलेली असते. ती दोन चाकजोड्यांच्या मधे आणली की स्टिअरिंग फिरवताच नाक वळतं. शर्यतीच्या गाड्यांनी हे फार आधी ओळखलं होतं. सर्वसामान्य खिशाला परवडेल अशा किमतीत ते रस्त्यावर आणणं मात्र कठीण होतं.

टोयोटाने १९८४ मध्ये आणलेली एमआर२ मला आवडते ती याच कारणासाठी. तिच्यात नवं असं फार थोडं होतं. नावाचा अर्थही साधाच: मिडशिप रनअबाउट, दोन आसनी. त्याच सुमारास टोयोटा कोरोला पुढच्या चाकांच्या चालनाकडे, म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना देण्याकडे, वळत होती. अशा गाडीत इंजिन आडवं असतं, गिअरबॉक्स त्याला खेटून बसतो आणि दोघांचं मिळून एक आटोपशीर गाठोडं होतं. ते गाठोडं पुढच्या चाकांवरून उचलून आसनांच्या पाठीमागे, मागच्या चाकांच्या किंचित पुढे ठेवलं की झाली मध्य-इंजिन गाडी! ही युक्ती टोयोटाची नव्हे. इटलीच्या फियाटने १९७२ मध्येच एक्स१/९ या गाडीत ती वापरली होती. पण टोयोटाकडे १.६ लिटरचं, सोळा व्हॉल्व्हचं, उंच फेऱ्यांवर आनंदाने गाणारं इंजिन तयार होतं. गाडीचं वजन साधारण एक टन, त्यातला ५५ टक्क्यांच्या आसपास भार मागच्या चाकांवर. पेट्रोलची टाकीसुद्धा दोन आसनांमधल्या बोगद्यात होती. त्यामुळे टाकी भरलेली असो वा रिकामी, तोल फारसा बदलत नसे.

मागे भार असण्याचे फायदे दोन. वेग घेताना वजन मागे सरकतं आणि ताकदही मागच्याच चाकांना मिळत असते, म्हणून ती जागच्या जागी घसरत नाहीत. ब्रेक मारताना वजन पुढे झुकतं, पण नाक मुळात हलकं असल्याने चारही टायर कामाला लागतात.

आता दुसरी बाजू. वळणात वेग जास्त झालाय असं वाटलं की घाबरलेला चालक सहजपणे अॅक्सिलरेटरवरून पाय काढतो. त्याच क्षणी वजन पुढे जातं आणि मागच्या टायरांवरचा दाब कमी होतो. वर इंजिन त्याच मागच्या चाकांना रोखू लागतं. पकड घटलेली आणि मागणी वाढलेली, मग मागची बाजू बाहेर झेपावते. नाकाला चटकन वळवणारं ते कमी आघूर्ण इथे उलटतं: गाडी गिरकीही तितक्याच चटकन घेते. सावरायला मिळालेला वेळ म्हणजे डोळ्याची पापणी लवण्याइतका.

१९८९ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीत हा गुण फारच बोलका झाला. जपानमधल्या टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबून ताकद वाढवणाऱ्या) आवृत्तीत २२५ अश्वशक्ती होती, आणि टर्बोची ताकद हळूहळू न येता एकदम धक्क्याने यायची. तिच्यावर टीका झाली. टोयोटाने पुढच्या दोन-तीन वर्षांत सस्पेन्शनची रचना सुधारली, चाकं १४ वरून १५ इंचांची केली, मागचे टायर रुंद केले. त्याने गाडी शहाणी झाली, असं म्हणतात. माझ्या मते चालकाला शहाणं होण्यासाठी थोडा जास्त वेळ मिळू लागला, एवढंच; भौतिकशास्त्र होतं तिथेच राहिलं.

गैरसोयीही होत्याच. इंजिन मागे, रेडिएटर पुढे, म्हणून थंड करणारं पाणी नळ्यांतून गाडीच्या लांबीभर ये-जा करतं. ते बदलताना नळ्यांत हवा अडकली की मेकॅनिकची परीक्षा असते. मागची आसनं नाहीतच.

तिसरी पिढी १९९९ ची. छत उघडणारी, १.८ लिटर इंजिनाची, पुन्हा एक टनाच्या घरातली. फ्रान्समध्ये मात्र तिच्या नावातला दोनचा आकडा गाळावा लागला, कारण फ्रेंच उच्चारात एमआर२ हे एका शिवीसारखं ऐकू येतं. २००७ मध्ये उत्पादन थांबलं.

जानेवारी २०२५ मध्ये टोकियो ऑटो सलोन या प्रदर्शनात टोयोटाने एक प्रायोगिक गाडी मांडली. बाहेरून ती यारिस, म्हणजे चार माणसांची छोटी हॅचबॅक. आत, जिथे मागची आसनं असायची तिथे, दोन लिटरचं टर्बो इंजिन बसवलेलं होतं.