वय सांगायला जन्मतारीख कशाला?

ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपने जाहीर केलं, की ग्राहकसेवा पाहणाऱ्या एका बाहेरच्या कंपनीमार्फत घुसखोरी झाली आणि सुमारे ७० हजार जणांच्या ओळखपत्रांचे फोटो उघडे पडले असावेत. हे फोटो लोकांनी वयाच्या पडताळणीसाठी दिले होते. प्रौढांसाठीचा गेम विकणाऱ्याचा प्रश्न एकच असतो: घेणारा १८ वर्षांचा झालाय का? त्याच्या उत्तरासाठी नाव, पत्ता आणि फोटो गोळा करून ठेवणं मला धोकादायक वाटतं आणि अनावश्यकही.

जन्मवर्ष निवडायला लावणं ही पडताळणी नव्हेच. दहा वर्षांचं मूलही बिनदिक्कत १९९० निवडतं. ब्रिटनमध्ये स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान क्रेडिट कार्ड मागतं, कारण तिथे १८ वर्षांखालच्यांना ते मिळत नाही. पण आईबाबांचं कार्ड घरातच असतं. 'एआय चेहरा पाहून वय ओळखतं' या जाहिरातीवर तर अजिबात भुलू नका. अमेरिकेतल्या निस्ट या संस्थेच्या २०२४ च्या चाचणीत, व्हिसाच्या फोटोंवर सर्वांत अचूक ठरलेल्या सॉफ्टवेअरचीही सरासरी चूक ३.१ वर्षं होती. सतरा आणि अठरा यांतला फरक त्याने कसा सांगावा?

माझ्या आवडीचा मार्ग गणिताचा आहे. हॅश फंक्शन या गणिती सूत्राला काहीही द्या, ते ठरावीक लांबीचं उत्तर देतं. एसएचए-२५६ या हॅश फंक्शनचं उत्तर २५६ बिटांचं, म्हणजे २५६ शून्य-एकांचं. या उत्तरालाही हॅशच म्हणतात. आत दिलेलं एक अक्षर बदललं तरी उत्तर पार बदलतं, आणि उत्तरावरून मूळ मजकूर शोधणं व्यवहारात अशक्य असतं.

समजा, तुमचं वय २१ आहे. तुमची जन्मतारीख जिच्याकडे आधीपासूनच आहे अशी सरकारी यंत्रणा एक रँडम गुप्त संख्या घेते. तिचा हॅश, मग त्या हॅशचा हॅश, असं २१ वेळा करते आणि शेवटच्या उत्तरावर डिजिटल सही करते, म्हणजे दुसऱ्या कुणाला बनवता न येणारी खूण जोडते. गुप्त संख्या आणि सही केलेलं उत्तर तुमच्या फोनमध्ये राहतं. दुकानाने '१८ पूर्ण?' असं विचारलं, की फोन गुप्त संख्येचा फक्त तीन वेळा हॅश काढतो (२१ वजा १८) आणि तो सहीच्या उत्तरासोबत पाठवतो. दुकान त्यावर आणखी १८ वेळा हॅश चालवतं. उत्तर सहीच्या उत्तराशी जुळलं, की झालं. साठ वर्षांच्या माणसाचा फोन ४२ वेळा हॅश काढून पाठवेल, पण दुकानाला दोन्ही आकडे सारखेच अगम्य दिसतात. पंधरा वर्षांच्या मुलाची साखळीच १५ पायऱ्यांची. त्याला गुप्त संख्येच्याही तीन पायऱ्या मागे जावं लागेल, म्हणजे हॅश उलटवावा लागेल.

यात एक भोक आहे. सही केलेलं तेच उत्तर दोन दुकानांना दिलं, तर दोघं मिळून तुमचा माग काढू शकतात. त्यावर उपाय म्हणजे शून्य-ज्ञान सिद्धता. १९८५ मध्ये गोल्डवासर, मिकाली आणि रॅकॉफ यांनी मांडलेली. 'माझ्याकडे वैध सही आहे आणि साखळी १८ पायऱ्यांहून कमी नाही' हे विधान खरं असल्याची खात्री दुकानाला पटते, पण सही किंवा सही केलेलं उत्तर यांतलं काहीच त्याच्या हाती लागत नाही. जर्मनीच्या ओळखपत्रातली चिप वेगळ्या तंत्राने, पण २०१० पासून, वयाच्या प्रश्नाला जन्मतारीख न सांगता नुसतं हो किंवा नाही असं उत्तर देऊ शकते.

मोठ्या भावाने स्वतःचा फोन अनलॉक करून धाकट्याच्या हाती दिला, तर मात्र हॅशला त्यातलं काही कळत नाही.