पार्श्वभूमी : बाप्टिस्ट पाळक आणि कोल्हापुरातला बाप्तिस्म्याचा प्रश्न

गेल्या महिन्यात प्रभूमध्ये निजलेल्या आमच्या पाळकसाहेबांची स्मरण-उपासना येत्या रविवारी कोल्हापुरात आहे. गावातल्या जुन्या मंडळ्यांतले, म्हणजे जुन्या चर्चमधले, पुष्कळजण येणार आहेत. त्यांनी पाळकसाहेबांना लग्नकार्यात, मयतीला, दवाखान्यात आजाऱ्याच्या उशाशी पाहिलेले आहे. भेटायला येणारे एक प्रश्न मात्र हमखास विचारतात : एवढा मायाळू माणूस, मग तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती मंडळीत घेण्याचा पाण्याचा विधी, द्यायला नाही का म्हणायचा? हे टिपण त्या प्रश्नापुरते आहे.

कोल्हापुरात हा प्रश्न जास्त टोचतो, त्याचे कारण इथल्या मिशनच्या इतिहासात आहे. मिशनरी रॉयल वायल्डर 1852 मध्ये इथे आले, ते काँग्रिगेशनल पंथाच्या वळणाच्या अमेरिकी मिशन-मंडळातर्फे. पुढे त्या मंडळाशी त्यांचे बिनसले, काही वर्षे त्यांनी स्वतंत्रपणे काम रेटले आणि 1870 मध्ये ते काम प्रेसबिटेरियन पंथाच्या मिशनकडे गेले. या सर्वांच्या परंपरेत विश्वासी आईबापांच्या बाळाला बाप्तिस्मा मिळतो. बाप्टिस्ट मिशन बंगाल, ओरिसा, तेलुगू मुलूख आणि ईशान्येत रुजली. एकाच्या भागात दुसऱ्याने मंडळी काढू नये असा मिशनांचा आपसातला रिवाज होता. त्यामुळे पिढ्यान् पिढ्या कोल्हापुरी ख्रिस्ती घरात बाळ काही महिन्यांचे झाले की देवळात न्यायचे, पाळकांनी डोक्यावर पाणी घालायचे, घरी जेवण. मोठेपणी मंडळीपुढे कबुली दिली की प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या स्मरणाची भाकर आणि द्राक्षारस. या गावात उभे राहून ‘बाळाला नाही’ म्हणायचे, तर ऐकणाऱ्याला ते आजीच्या श्रद्धेवर बोट ठेवल्यासारखे वाटणारच.

त्यात नावाचाही घोळ. मराठी शुभवर्तमानात ‘बाप्तिस्मा करणारा’ म्हणजे योहान. म्हणून बाप्टिस्ट म्हणजे योहानाला मानणारे, असा समज मी शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडून ऐकला आहे. तो खरा नाही. 17व्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधून हॉलंडला गेलेल्या काही लोकांनी ठरवले, की ज्याला स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करता येतो त्यालाच बाप्तिस्मा. बुडवून द्यायचा आग्रह त्यानंतर काही दशकांनी पक्का झाला. विरोधकांनी चिकटवलेले नाव कायम राहिले.

खरा गुंता ‘बाप्तिस्मा’ या शब्दातच आहे, आणि इथे थोडे थांबायला हवे. मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ बुडवणे, पाण्यात घालणे. भाषांतर करताना दोन वाटा होत्या : अर्थ द्यायचा, की ग्रीक शब्दच आपल्या लिपीत उतरवायचा. विल्यम कॅरी इंग्लंडमध्ये जोडे शिवायचे, मग मोल्टन आणि लेस्टरच्या बाप्टिस्ट मंडळ्यांचे पाळक झाले आणि 1793 मध्ये बंगालात उतरले. 28 डिसेंबर 1800 रोजी सेरामपूरच्या घाटावर त्यांनी हुगळीत सुतार कृष्ण पाल यांना बुडवून बाप्तिस्मा दिला. मराठीवर त्यांचे मोठे ऋण आहे. वैजनाथ पंडितांच्या मदतीने त्यांनी 1805 मध्ये मराठीचे व्याकरण आणि 1810 मध्ये कोश छापला. कोश मोडी लिपीत होता. मराठी शाळेत शिकूनही ही गोष्ट मला पाळकसाहेबांकडूनच कळली.

कॅरींच्या मागून आलेल्या बाप्टिस्ट भाषांतरकारांनी बंगालीत बुडवण्याचा अर्थ देणारा शब्दच ठेवला. 1830 च्या दशकात त्यावरून भडका उडाला. बायबल छापणाऱ्या ब्रिटिश संस्थेने अशा आवृत्तीला पैसा नाकारला. अमेरिकेत बंगाली आणि ब्रह्मदेशी भाषांतरांतल्या याच शब्दावरून 1836 मध्ये बाप्टिस्टांनी वेगळी बायबल सोसायटी काढली. आपल्याकडे रूढ मराठी बायबलात ग्रीक शब्द तसाच राहिला. त्यामुळे शिंपडणारा आणि बुडवणारा एकच पुस्तक हातात घेऊन बसू शकतात, आणि प्रत्येकाला त्यात आपलाच विधी दिसतो. मला हे मराठी मंडळीचे भाग्य वाटते. पाळकसाहेबांना तसे वाटत नव्हते. शब्द झाकला की प्रश्नही झाकला जातो, असे ते समजावून सांगत. मग रोमकरांस पत्राचा 6वा अध्याय उघडत : बाप्तिस्म्यात आपण ख्रिस्ताबरोबर पुरले जातो. पुरायचे तर अंग पूर्ण झाकले गेले पाहिजे, एवढा सरळ त्यांचा मुद्दा.

जुन्या मंडळीचे उत्तरही वजनदार आहे. फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याने आपल्या सर्व माणसांसह बाप्तिस्मा घेतला. त्या घरात लेकरे नसतील कशावरून? आणि अब्राहामाशी केलेल्या करारात आठ दिवसांचे मूल बसत होते, तर नव्या करारात त्याला दाराबाहेर का ठेवायचे?

29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात उत्तर भारतातल्या सहा ख्रिस्ती परंपरा ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ या एका चर्चमध्ये आल्या, तेव्हा उत्तरेतले बाप्टिस्टही त्यांत होते. बालबाप्तिस्मा आणि प्रौढ विश्वासीचा बाप्तिस्मा, दोन्ही मान्य झाले. ज्याच्या डोक्यावर बाळपणी पाणी पडले आहे त्याने मोठेपणी बुडवून घ्यायचे म्हटले तर काय, ही गाठ मात्र वाटाघाटींत सर्वांत अवघड ठरली. एका बाजूला तो पुन्हा बाप्तिस्मा, म्हणून अमान्य. दुसऱ्या बाजूला तो पहिलाच. अनेक बाप्टिस्ट मंडळ्या या ऐक्याबाहेर राहिल्या. आमचे पाळकसाहेब त्या बाहेरच्यांपैकी.

त्यांचा सर्वांत वादग्रस्त निर्णय इथेच येतो. जुन्या मंडळीतून आमच्याकडे आलेल्यांना त्यांनी पहिल्या रविवारपासून प्रभुभोजन दिले, पण सभासद म्हणून मत देण्याचा हक्क मात्र पाण्यात बुडवून बाप्तिस्मा घेतल्यावरच. दोन्हीकडून टीका झाली. आमच्यातले कडवे म्हणाले, प्रभुभोजनाचे मेज सैल सोडले. जुन्या मंडळीतले म्हणाले, आमच्या बाप्तिस्म्याला खोटे ठरवले. हा वाद बाप्टिस्टांत नवा नाही. इंग्रज उपदेशक जॉन बनियन यांनी 17व्या शतकात मेज खुले ठेवण्याची बाजू घेतली, आणि सेरामपूरच्या मंडळीतही याच प्रश्नावर मते फाटली होती. माझ्या मते पाळकसाहेबांनी अवघड तेच केले : जे मेज प्रभूचे, त्यावर पहारा ठेवला नाही, आणि स्वतःची समजही विकली नाही.

तान्ह्या बाळांसाठी ते समर्पणाची प्रार्थना करत. बाळ हातात घेत, नाव मोठ्याने उच्चारत, आईबापांकडून वचन घेत; पाणी नाही. बाप्तिस्मे मळ्यातल्या विहिरीवर, पाऊस सरून पाणी निवळल्यावर. कमरेपर्यंत पाण्यात उभे राहून ते प्रत्येकाला आधी विचारत, कुणाच्या सांगण्यावरून आलास का? एकदा एक पोरगा ‘आई म्हणाली’ असे बोलून गेला. त्याला त्यांनी हात धरून पायऱ्यांवर परत आणले, टॉवेल दिला आणि पुढच्या वर्षी ये म्हणाले. आई काठावर रडत होती. पोरगा तीन वर्षांनी आला.

त्यांच्या हस्ताक्षरातल्या नोंदवहीत दर नावापुढे दोन रकाने आहेत, समर्पणाची तारीख आणि बाप्तिस्म्याची. बऱ्याच नावांचा दुसरा रकाना अजून कोरा आहे. त्यांत त्यांच्या स्वतःच्या घरातलेही एक नाव आहे. येत्या रविवारी वचन वाचणार आहे तो तोच.