प्लेक्सी घ्यावा की जेसीएम ८००?

"काका, मार्शलचा ट्यूब अँप घ्यायचाय. एसव्ही२० घेऊ की एससी२०?" इंदुरात गिटार वाजवणारी मुलं हा प्रश्न विचारतात, आणि त्यांचा गोंधळ अगदी रास्त आहे. दोन्ही अँप काळे, दोन्हींच्या तोंडावर सोनेरी पट्टी, दोन्ही २० वॉटचे. आत उघडून पाहिलं तरी दोन ईएल३४ आणि तीन ईसीसी८३, म्हणजे ट्यूबसुद्धा त्याच. आजोबांच्या रेडिओत ज्याला व्हॉल्व्ह म्हणायचे, तीच ही ट्यूब. मोबाइलवर व्हिडिओ लावले तर दोन्हींतून तोच भरदार, खरखरीत रॉकचा आवाज येतो. मग फरक कुठे?

एसव्ही२० हा १०० वॉटच्या 'सुपर लीड १९५९'चा धाकटा भाऊ, आणि एससी२० हा जेसीएम ८०० मालिकेतल्या २२०३चा. यातलं १९५९ हा मॉडेल क्रमांक आहे, साल नाही. जिम मार्शल यांच्या लंडनच्या दुकानातला पहिला अँपच १९६२चा, अमेरिकेतल्या फेंडर कंपनीच्या बेसमन अँपच्या सर्किटवर बेतलेला. सुपर लीड त्यानंतर आला. त्याची पुढची पट्टी प्लेक्सिग्लासची, म्हणजे काचेसारख्या प्लास्टिकची, असायची म्हणून लोक त्याला प्लेक्सी म्हणू लागले. २२०३चं सर्किट १९७५चं. जेसीएम ८०० हे नाव त्याला १९८१मध्ये मिळालं.

आता मुख्य गोष्ट. एका ईसीसी८३च्या काचेत दोन ट्यूब असतात. प्लेक्सीत पहिल्या ईसीसी८३चे हे दोन भाग शेजारी-शेजारी काम करतात, एकेका चॅनेलसाठी एकेक. २२०३मध्ये तेच दोन भाग एकामागे एक लावले आणि मध्ये गेनचा नॉब बसवला. पहिल्याने वाढवलेला सिग्नल दुसऱ्यावर आदळतो आणि तिथेच फाटतो. पुढे पॉवर ट्यूबच्या, म्हणजे ईएल३४च्या, आधी मास्टर व्हॉल्यूम दिला, म्हणजे आधी फाटलेला आवाज हवा तेवढा बारीक करता येतो. प्लेक्सीला मास्टर व्हॉल्यूम नाही. तिथे व्हॉल्यूम वाढवत नेला की पुढचे टप्पे, शेवटी ईएल३४ आणि त्यांच्यामागचा ट्रान्सफॉर्मर, सगळे मिळून थकायला लागतात. प्लेक्सीचा टोन म्हणजे हे एकत्र थकणं.

उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या शहरात हे समजावणं सोपं जातं. तानपुऱ्याची जवारी लागली की एकाच तारेतून कितीतरी स्वर उमलतात. ट्यूब मर्यादेबाहेर ढकलली की तीही मूळ स्वराचे असेच उपस्वर काढते. जेसीएममध्ये ही जवारी दाराशीच लागते, प्लेक्सीत सगळ्या घरभर.

हाताला हे लगेच कळतं. चढवलेल्या प्लेक्सीत गिटारचा व्हॉल्यूम १०वरून ५वर आणा, आवाज जवळजवळ स्वच्छ होतो. पुन्हा वर न्या, गुरगुरतो. हेंड्रिक्स किंवा अँगस यंग ऐकताना एकाच गिटारमधून इतके रंग निघतात, त्यात या सवयीचा वाटा मोठा. जेसीएमही स्वच्छ होतो, पण इतक्या सहज नाही. त्याची खरी ताकद घट्ट, करकरीत रिफमध्ये, विशेषतः पुढे सिग्नल वाढवून अँपला ढकलणारा एखादा ओव्हरड्राइव्ह पेडल जोडला तर. ऐंशीच्या दशकातला हार्ड रॉक आवडत असेल तर तो नि:शंक घ्यावा. आणखी एक सोय: लो इनपुटमध्ये गिटार लावलं की पहिला टप्पा वगळला जातो आणि बराच सौम्य आवाज मिळतो.

व्हिडिओ फसवतात ते इथेच. प्लेक्सीचा आवाज मोठ्याने वाजवून रेकॉर्ड करतात. आपण तो कानाला बरा वाटेल एवढाच ऐकतो. सेलेस्टियन ग्रीनबॅकसारखा स्पीकर १ वॉटवर, १ मीटर अंतरावर, ९८ डेसिबल देतो. म्हणजे ५ वॉटला १०५, २० वॉटला १११. मोठ्या भावाचे १०० वॉट धरले तरी ११८. पाचपट वॉट, पण कानाला दुप्पटही मोठा वाटत नाही. उलट बाजूने पाहा: दोन्ही अँपना २०वरून ५ वॉटवर आणायची सोय आहे, पण त्याने फक्त ६ डेसिबल कमी होतात. रहिवासी भागातली मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री १० नंतर ४५. भिंतींनी बराच आवाज अडवला तरी विजयनगरच्या फ्लॅटमध्ये पूर्ण चढवलेला प्लेक्सी शेजाऱ्यांना सहन होणार नाही, आणि रामबागेतल्या जुन्या घरात तर मुळीच नाही.

मग फ्लॅटमधल्या माणसाने सरळ जेसीएम घ्यावा? खूप जण तसं सांगतात. माझं मत वेगळं आहे. मास्टर खाली ठेवला की जेसीएमच्या ईएल३४ निवांत बसून असतात आणि आवाज पातळ, थोडा चिरका होतो. तोही मास्टर वर नेल्यावरच अंगाने भरतो. शांततेची अडचण दोघांनाही आहे. जेसीएममध्ये ती लपते एवढंच. म्हणून सत्तरच्या दशकातला टोन मनात असेल तर एसव्ही२० घ्या आणि पैसे थोडे वाढवून अँप व स्पीकरच्या मध्ये लावायचा अ‍ॅटेन्युएटर घ्या. अँप मनसोक्त तापतो, स्पीकरपर्यंत थोडंच पोचतं. खूप खाली आणलं तर स्पीकरचा स्वतःचा भरीवपणा जातो, हे मान्य. तरीही बोटांना मिळणारं उत्तर टिकतं, आणि मला तेच मोलाचं वाटतं. अ‍ॅटेन्युएटर घ्यायचाच नसेल तर मात्र एससी२०.

अमेरिकेतल्या मावशीकडून अँप मागवणार असाल तर मागच्या पट्टीवरचा व्होल्टेज आधी विचारा. १२० व्होल्टचा अँप आपल्या २३०च्या सॉकेटला थेट लावता येत नाही.

स्पीकर जोडल्याशिवाय ट्यूब अँप कधीच वाजवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. कॅबिनेटचे, म्हणजे स्पीकरच्या पेटीचे, ओहम आणि अँपवरचे ओहम जुळवा, आणि मध्ये गिटारची केबल नाही, स्पीकरची केबल वापरा. ग्रीनबॅक २५ वॉटचा असतो, म्हणून २० वॉटच्या अँपला एक पुरेल असं वाटतं. पण अँप पूर्ण चढवून फाटायला लागला की तो लिहिलेल्या २० वॉटपेक्षा बराच जास्त देतो. अशा वेळी दोन ग्रीनबॅक लावा, नाहीतर सेलेस्टियनचाच ६५ वॉटचा एक क्रीमबॅक.