हरकत की विनंती? इंग्लंडमध्ये कौन्सिल टॅक्सचा बँड बदलून मागण्याचे दोन रस्ते

गेल्या वर्षी एका मैत्रिणीने तिला आलेलं पत्र मला वाचायला दिलं. इंग्लंडमध्ये भाड्याच्या घरात येऊन तिला आठ महिने झाले होते. इथल्या घरपट्टीला कौन्सिल टॅक्स म्हणतात, आणि घराच्या किमतीनुसार पाडलेल्या तिच्या टप्प्यांना बँड; अक्षर जितकं पुढचं तितका कर जास्त. समोरच्या रांगेतली हुबेहूब तशीच घरं बँड डीमध्ये आणि तिचं मात्र बँड ईमध्ये, हे लक्षात आल्यावर तिने पुरावे जोडून लिहून पाठवलं होतं. उत्तर आलं की पुरावा पुरेसा नाही, बँड आहे तोच राहील. "मग आता अपील कुठे करायचं?" तिने विचारलं. तिच्यापुरतं उत्तर होतं, कुठेच नाही. तेच कागद तीन महिने आधी गेले असते, तर नकार आल्यावरही न्यायाधिकरणाकडे जायचा हक्क तिच्या हातात राहिला असता.

बँड बदलून मागण्याचे इथे दोन रस्ते आहेत. एकाला 'प्रपोजल' म्हणतात, दुसऱ्याला 'बँड रिव्ह्यू'. दोन्ही एकाच व्हॅल्युएशन ऑफिसकडे, म्हणजे बँड ठरवणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे, जातात, दोन्हींत घराची माहिती आणि कारणं द्यावी लागतात, दोन्ही फुकट आहेत. म्हणून बहुतेकांना ती एकाच अर्जाची दोन नावं वाटतात. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रपोजल म्हणजे रीतसर हरकत आणि रिव्ह्यू म्हणजे विनंती. आपल्याकडे महापालिका कर आकारणीवर हरकती मागवते तेव्हा मुदतीत आलेल्या हरकतीची दखल तिला घ्यावीच लागते, मुदतीनंतरच्या पत्राची नाही. इथलंही तत्त्व तेच.

हरकतीचा हक्क मोजक्या परिस्थितींतच मिळतो. सर्वांत नेहमीची म्हणजे तुम्ही त्या घराचे करदाते होऊन सहा महिने झालेले नसणं. इथे आपली माणसं हमखास अडकतात. घरपट्टी म्हणजे घरमालकाची बाब, हे आपल्या मनात इतकं पक्कं असतं की भाडेकरू तिकडे बघतच नाही. पण कौन्सिल टॅक्स सहसा घरात राहणाऱ्याला भरावा लागतो. त्यामुळे भाडेकरूही करदाता, आणि सहा महिन्यांचं घड्याळ त्याच्यासाठीही चालू असतं. घर बदललं की ते नव्याने सुरू होतं. व्हॅल्युएशन ऑफिसने गेल्या सहा महिन्यांत तुमचा बँड बदलला असेल, किंवा तुमच्यासारख्याच घराबद्दल न्यायाधिकरणाचा निकाल त्या काळात लागला असेल, तरीही हरकत घेता येते. घराचा काही भाग पाडला, एका घराची दोन झाली, किंवा शेजारून नवा रस्ता गेला, असे प्रत्यक्ष बदल झाले असतील तरीही. बाजार पडल्यामुळे घर स्वस्त झालं, हे कारण मात्र चालत नाही.

हरकत नियमात बसली की व्हॅल्युएशन ऑफिसला चार महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. तो पटला नाही, तर तीन महिन्यांच्या आत व्हॅल्युएशन ट्रिब्युनलकडे अपील करता येतं. ते न्यायाधिकरण स्वतंत्र आहे आणि तिथे फी नाही.

सहा महिने उलटले आणि वरचं कुठलंच कारण लागू नसेल, तर उरते विनंती. तिला मुदत नाही, वीस वर्षांनीही करता येते. पण पुरावा भक्कम वाटला तरच कार्यालय पुढे तपासतं, आणि 'नाही' म्हटलं तर तिथेच विषय संपतो.

मग पुरावा म्हणजे काय? इथे जरा सविस्तर सांगते, कारण अर्ज पडतात ते बहुधा इथेच. इंग्लंडमध्ये बँड ठरतो तो १ एप्रिल १९९१ रोजी घर किती किमतीला विकलं गेलं असतं यावर. आजची किंमत त्यात कुठेच येत नाही. त्या वेळी कोट्यवधी घरांना बँड द्यायचे होते. ते काम इस्टेट एजंटांकडेही सोपवलं गेलं, आणि कित्येक घरांचं मोल आत पाऊल न टाकता, रस्त्यावरून गाडीतूनच ठरलं. १९९३ साली हा कर सुरू झाला आणि इंग्लंडमध्ये त्यानंतर सरसकट फेरमूल्यांकन झालेलंच नाही. म्हणून तेव्हाच्या चुका आजही बिलांत शिल्लक आहेत, आणि म्हणूनच त्या शोधणं मला गरजेचं वाटतं.

सर्वांत उपयोगी पुरावा शेजारी असतो. त्याच रस्त्यावरची किंवा जवळपासची, त्याच काळात बांधलेली, त्याच प्रकारची आणि आकाराची, पण खालच्या बँडमधली घरं शोधा. पाचपर्यंत पत्ते देता येतात. सरकारी संकेतस्थळावर पोस्टकोड टाकला की प्रत्येक घराचा बँड फुकट दिसतो. दुसरा पुरावा म्हणजे १९८९ ते १९९३ या काळातले प्रत्यक्ष विक्रीचे भाव. लँड रजिस्ट्रीची, म्हणजे घरांच्या मालकीची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाची, विक्रीच्या भावांची ऑनलाइन यादी १९९५ पासूनचीच आहे, त्यामुळे हे भाव मिळवायला जुनी कागदपत्रं किंवा जुने शेजारी गाठावे लागतात. घरांच्या सरासरी किमतींचे निर्देशांक वापरून आजचा भाव १९९१ पर्यंत मागे नेलेला हिशेब पुरावा म्हणून धरत नाहीत. स्वतःच्या मनाची खात्री करायला तो ठीक आहे.

आकडे छोटे नाहीत. बँड डीच्या नऊ भागांच्या तुलनेत बँड ईला अकरा भाग भरावे लागतात. २०२५-२६ मध्ये इंग्लंडमध्ये बँड डीचा सरासरी वार्षिक कर २,२८० पौंड होता. त्या हिशेबाने ईचा डी झाला, तर वर्षाला पाचशे पौंडांहून जास्त वाचतात. चूक सुरुवातीपासूनची असेल, तर तुम्ही जेव्हापासून कर भरताय तेव्हापासूनचा फरक परत मिळतो.

दोन्ही रस्त्यांवर एक धोका सारखाच आहे. बँड वरही जाऊ शकतो. तुलना करताना शेजाऱ्यांचाच बँड चुकून खाली ठेवलेला निघाला, तर त्यांचाही वाढू शकतो. विकत घेतलेल्या घरात आधीच्या मालकाने खोल्या वाढवल्या असतील, तर जास्तच जपा. वाढीव बांधकामामुळे बँड बहुधा लगेच बदलत नाही, पण घर विकलं गेलं की बदलू शकतो. तसं झालं, तर बँड बदलल्याच्या नोटिशीपासून हरकतीचे सहा महिने तुम्हाला पुन्हा मिळतात. आणि अर्ज चालू असताना बिल भरणं थांबवू नका.

आता एक वेगळाच गोंधळ, थोडक्यात. घरात एकटे राहत असाल तर मिळणारी २५ टक्के सवलत, सगळेच पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर मिळणारी माफी, अपंगत्वासाठी घरात केलेल्या सोयींवरची कपात, हे सगळं कौन्सिल, म्हणजे तुमची स्थानिक महापालिका, बघतं. त्यासाठी व्हॅल्युएशन ऑफिसला लिहिलं तर वेळ फुकट जातो. हे सगळे नियम इंग्लंडचे आहेत. वेल्समध्ये किंमत १ एप्रिल २००३ ची धरतात, आणि स्कॉटलंडमध्ये हे काम असेसर नावाचे अधिकारी करतात.

टक्केवारी घेऊन 'बँड कमी करून देतो' म्हणणारे फोनही येतात. अर्ज तुम्ही स्वतः, एक पैसा न देता करू शकता, त्यामुळे अशा माणसाला परताव्यातला वाटा देण्याचं काहीच कारण नाही.

मैत्रिणीच्या शेजारचं घर, तेही बँड ईचं, हिवाळ्यात नाशिकच्या एका जोडप्याने भाड्याने घेतलं. तिने तिचे सगळे कागद, पत्त्यांची यादी आणि फोटो त्यांच्या हातात ठेवले. त्यांच्या पहिल्या बिलावरची तारीख तिने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहिली, तिथून सहा महिने मोजले, आणि चौथ्या महिन्यात त्यांची हरकत गेली. निर्णय यायचा आहे. त्यांचं प्रकरण न्यायाधिकरणापर्यंत जाऊन बँड खाली आला, तर त्या निकालापासून सहा महिने तिलाही रीतसर हरकत घेता येईल.