कुंडीतील गांजाचे सेंद्रिय मृदापोषण

गांजाच्या रोपाला पाण्यात विरघळणारी खते ठरावीक दिवसांनी पाजण्याऐवजी कुंडीतली मातीच सेंद्रिय पदार्थ, खनिज भुकट्या आणि सूक्ष्मजीव यांच्या साहाय्याने इतकी सकस करायची की रोपाचे अन्न तिच्यातूनच मिळत राहावे, अशी ही लागवडीची पद्धत आहे. लागवड करणाऱ्यांमध्ये ती ‘सजीव माती’ या नावाने ओळखली जाते. घरगुती लागवडीला काही देशांतच परवानगी आहे: कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून एका घरात चार रोपांपर्यंत (काही प्रांतांचे निर्बंध वगळता), तर जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ व्यक्तीला तीन रोपांपर्यंत. भारतात १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने परवान्याशिवाय लागवड करणे हा गुन्हा आहे.

शेतातल्या मातीचे नियम कुंडीला जसेच्या तसे लावता येत नाहीत. शेतात मुळे खोल जातात, गांडुळे खालून वर ये-जा करतात, पावसाचे जादा पाणी जमिनीत मुरते आणि एका जागी अन्न कमी पडले तर मूळ दुसरीकडे वळते. कुंडीत यातले काहीच होत नाही. जे काही आहे ते काही लिटर मिश्रणात आहे, आणि गांजा तर काही महिन्यांत पूर्ण वाढून फुलणारे, भरपूर खाणारे वर्षायू झुडूप आहे. त्यामुळे या पद्धतीत खत कोणते, यापेक्षा ते किती आधी घातले आणि किती मातीत घातले, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे ठरतात. नवखे लागवडदार बहुधा इथेच चुकतात.

कुंडीच्या तळाशी पाणी कसे थांबते, ते आधी समजून घ्यावे लागते. ओला स्पंज आडवा धरला की थोड्या वेळाने पाणी गळायचे थांबते. तोच उभा केला की आणखी पाणी गळते, कारण पाण्याला धरून ठेवणारी केशाकर्षणाची शक्ती तीच असली तरी स्पंजाची उंची वाढलेली असते. कुंडीचेही असेच आहे. निचरा संपल्यावरही तळाशी एक पाण्याने भरलेला थर राहतो, आणि तो किती जाड असेल हे मिश्रणाच्या कणांवर ठरते, तळाच्या भोकांवर नव्हे. तळाशी खडी घालण्याची सवय म्हणून निरुपयोगी आहे: खडीमुळे पाण्याने भरलेला थर नाहीसा होत नाही, फक्त तितकाच वर सरकतो आणि मुळांसाठीची जागा कमी होते. उथळ कुंडीत हा थर मुळांच्या मोठ्या भागाला व्यापतो, तिथे हवा उरत नाही आणि ज्या सूक्ष्मजीवांच्या भरवशावर सगळी पद्धत उभी आहे तेच गुदमरतात. वाफसा, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही पुरेशी असण्याची स्थिती, हवा असेल तर कुंडी खोल आणि मिश्रण भुसभुशीत असावे लागते. कापडी कुंड्यांचा फायदा इथेच आहे. त्यांच्या बाजूंनी हवा आत जाते आणि कडेपर्यंत आलेली मुळे तिथेच सुकून आतल्या बाजूला नव्या फांद्या फोडतात.

रूढ मिश्रणात तीन भाग असतात: पीट मॉस (दलदलीतले अर्धवट कुजलेले शेवाळ) किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), परलाइट (फुलवलेला हलका ज्वालामुखी खडक) किंवा तत्सम हवा खेळवणारा पदार्थ, आणि चांगले कुजलेले कंपोस्ट किंवा गांडूळखत. तिन्ही साधारण सारख्या प्रमाणात घेण्याचा प्रघात आहे. पीट आम्ल असते, म्हणून त्यात चुनखडीची भुकटी मिसळून सामू (आम्लता मोजणारा पीएच) ६ ते ६.८ च्या आसपास आणतात. कोकोपीटवर कारखान्यात नीट प्रक्रिया झालेली नसेल तर त्यात सोडियम व पालाश (पोटॅशियम) जास्त असतो आणि रोपाला कॅल्शियम व मॅग्नेशियम मिळण्यात अडथळा येतो. कंपोस्टबाबत काटेकोर राहावे, कारण बाकी दोन घटक मुख्यतः मिश्रणाची बैठक घडवतात, तर जीव आणि अन्न जवळपास सगळे या तिसऱ्या भागातून येते. चांगल्या कंपोस्टला ओल्या जंगलातल्या मातीसारखा वास येतो. अमोनियाचा उग्र किंवा आंबट वास येत असेल तर ते अजून तयार झालेले नाही. ढीग रचताना कर्ब-नत्र गुणोत्तर (कार्बन व नायट्रोजन यांचे प्रमाण) २५ ते ३० च्या दरम्यान ठेवले आणि आतले तापमान सलग काही दिवस ५५ अंश सेल्सिअसच्या वर गेले तर रोगजंतू व तणांचे बी बऱ्याच अंशी मरते.

अन्न रोपापर्यंत पोहोचण्याची साखळी लांब आहे. निंबोळी पेंडीतला नत्र प्रथिनांच्या रूपात असतो आणि मूळ तो सरळ शोषू शकत नाही. जिवाणू व बुरशी ती प्रथिने फोडून स्वतःच्या शरीरात साठवतात. जिवाणूंना आदिजीव (एकपेशीय सूक्ष्म जीव) आणि काही सूत्रकृमी (धाग्यासारखे सूक्ष्म कृमी) खातात. जिवाणूच्या शरीरातले कर्ब-नत्र गुणोत्तर जवळपास ५ असल्याने खाणाऱ्याला गरजेपेक्षा जास्त नत्र मिळतो, आणि हा जादा नत्र तो अमोनियमच्या रूपात बाहेर टाकतो. पुढे नत्रीकरण करणारे जिवाणू त्याचे नायट्रेट बनवतात. हे सगळे मुळांच्या अगदी लगतच्या भागात सर्वाधिक वेगाने घडते. या भागाला ‘ऱ्हायझोस्फिअर’ हे नाव जर्मन शास्त्रज्ञ लोरेन्झ हिल्टनर यांनी १९०४ मध्ये दिले. रोप स्वतःच्या शर्करेचा एक हिस्सा मुळांतून पाझरू देऊन या जिवाणूंना पोसते, म्हणजे दोन्ही बाजूंनी देवघेव चालते. गांजाच्या मुळांवर सहजीवी बुरशीही वसते व दूरवरचा स्फुरद (फॉस्फरस) आणून देते. मात्र मातीत विद्राव्य स्फुरद भरपूर असेल तर ही भागीदारी मंदावते. माती गार, आम्ल किंवा चिबड झाली की साखळी थंडावते, आणि खत कुंडीत असूनही रोप पिवळे पडते.

यावरून ‘पान पिवळे दिसले की खत घाला’ हा सल्ला इथे का चालत नाही, ते कळते. पेंड किंवा हाडांचा चुरा आज घातला तर त्यातले अन्न रोपाला उपलब्ध व्हायला काही आठवडे जातात. म्हणून घटक मिसळल्यावर माती ओलसर ठेवून दोन ते चार आठवडे तशीच मुरू देतात आणि मगच रोप लावतात. या काळात अमोनिया सुटतो, मिश्रण गरमही होऊ शकते, आणि त्यात घाईने लावलेल्या कोवळ्या रोपाची मुळे जळतात.

नत्रासाठी ४ ते ५ टक्के नत्र असलेली निंबोळी पेंड किंवा १२ ते १३ टक्के नत्र असलेली रक्ताची भुकटी वापरतात; दुसरी लवकर लागू होते आणि तितक्याच लवकर घातकही ठरते. हाडांचा चुरा स्फुरद व कॅल्शियम देतो, पण सामू ७ च्या वर गेला की तो जवळजवळ निष्क्रिय पडून राहतो. पालाश व सूक्ष्म घटकांसाठी समुद्री शेवाळाची भुकटी, गंधक व कॅल्शियमसाठी जिप्सम, आणि खेकडा-कोळंबीच्या कवचांची भुकटी या गोष्टीही मिश्रणात जातात. केळीची साल किंवा अंड्याचे कवच तसेच कुंडीत टाकण्याचा उपयोग फार कमी; कवच अगदी बारीक दळले तरच ते आम्ल मातीत हळूहळू विरघळते.

वाढीच्या काळात वरखत देतात. म्हणजे कंपोस्ट व पेंड यांचा पातळ थर मातीच्या पृष्ठभागावर पसरून त्यावर पेंढ्याचे आच्छादन घालतात. वाढीच्या अवस्थेत रोपाला नत्र अधिक लागतो आणि फुलोऱ्यात ती गरज उतरते. फुलोरा आठ ते दहा आठवडे चालत असल्याने फुलोऱ्याचे वरखत त्याची सुरुवात होण्याआधीच द्यायला हवे. फुलोऱ्याच्या शेवटी नत्र भरपूर राहिला तर पाने गडद हिरवी राहतात, फुले उशिरा पक्व होतात. आच्छादनाखाली ओल टिकते आणि वरच्या काही सेंटिमीटरांत, जिथे एरवी कोरडी धूळच असते, तिथेही मुळे पसरतात. मात्र तीच ओल चिलटांनाही आवडते. त्यांच्या अळ्या कुजणाऱ्या पदार्थांबरोबर कोवळी मुळेही खातात, म्हणून पृष्ठभाग थोडा सुकू देणे आणि गरज पडल्यास परोपजीवी सूत्रकृमी सोडणे हे उपाय करतात.

अन्न जास्त दिले की उत्पन्न वाढते, इतके हे सरळ नाही. कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठात २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात कोकोपीटच्या माध्यमात द्रवरूप सेंद्रिय खताच्या निरनिराळ्या मात्रा तपासल्या गेल्या. वाढीच्या अवस्थेत लिटरमागे सुमारे ३८९ मिलिग्रॅम नत्र देणारी मात्रा सर्वांत चांगली ठरली. फुलोऱ्यात मात्र मात्रा वाढवल्यावर वजन वाढले, पण फुलांतील टीएचसीचे (गांजातल्या मुख्य नशा आणणाऱ्या घटकाचे) प्रमाण घटले. ही मात्रा पातळ खताची आहे. मातीत मुरवलेल्या खताला ती सरळ लागू करता येत नाही. पण वजन आणि गुण यांच्यातला हा ताण सजीव मातीलाही चुकत नाही.

कंपोस्ट पाण्यात भिजवून त्यात हवा सोडून केलेल्या अर्काचे स्तोम बरेच आहे. त्याचे चाचण्यांमधले परिणाम एकसारखे नाहीत, आणि काकवी किंवा मळी घालून जिवाणू वाढवताना ई. कोलायसारखे घातक जिवाणूही वाढण्याचा धोका असतो. तोच श्रम कंपोस्ट चांगले करण्यात घातला तर अधिक फळतो. नळाच्या पाण्यातील क्लोरीन उघड्या भांड्यात पाणी ठेवल्याने बऱ्याच अंशी उडून जाते. काही ठिकाणी क्लोरीनऐवजी वापरले जाणारे क्लोरामाइन मात्र तसे जात नाही.

तीच माती पुढच्या हंगामाला वापरता येते, किंबहुना पद्धतीचा खरा लाभ तिथून सुरू होतो. रोप कापून बुंधा व मुळे तशीच ठेवतात, ती कुजून आत पोकळ वाटा तयार होतात आणि नवे रोप शेजारी लावतात. यासाठी कुंडी मोठी हवी. ४० ते ६० लिटरच्या खाली ही व्यवस्था टिकवणे अवघड जाते, कारण कमी मातीत ओल आणि तापमान दोन्ही फार झपाट्याने बदलतात. मात्र प्रत्येक वेळी तीच सगळी खते पुन्हा घातली तर स्फुरद आणि क्षार साठत जातात, आणि स्फुरद वाढला की लोह व जस्त असूनही रोपाला मिळत नाही. मातीची तपासणी करून जे कमी असेल तेवढेच घालणे हा यावरचा खात्रीचा मार्ग आहे.

सेंद्रिय म्हणजे निर्धोक असे गांजाच्या बाबतीत धरून चालत नाही. हे झाड मातीतले जड धातू जोमाने शोषते. याच गुणामुळे त्याच्या औद्योगिक वाणांचा म्हणजे हेम्पचा दूषित जमिनी स्वच्छ करण्यासाठी अभ्यास झाला आहे. कॅडमियम रॉक फॉस्फेटमधून, आर्सेनिक काही समुद्री शेवाळांतून आणि शिसे शहरी कचऱ्याच्या कंपोस्टमधून कुंडीत येऊ शकते, आणि वर्षानुवर्षे तीच माती वापरली तर ते साठतही जाते. कायदेशीर बाजारपेठांत फुलांची जड धातूंसाठी चाचणी सक्तीची असते ती यामुळेच. अमेरिकेत हेम्पला संघराज्याचे सेंद्रिय प्रमाणपत्र मिळू शकते. गांजाला मात्र संघराज्याच्या कायद्यामुळे ते मिळत नाही, मग लागवड कितीही काटेकोरपणे सेंद्रिय असो.